रिकामी घरं आणि सात अब्ज डॉलर

मागच्या महिन्यात कपाटातल्या जुन्या हार्डडिस्क उपसत होतो. (बायकोची नोटीस होती, तो खण रिकामा झालाच पाहिजे.) एकीत २००८ च्या ऑनसाईटचं फोल्डर निघालं. नायगारापुढे दात काढून उभे असलेले आम्ही पाच जण, पहिल्या बर्फाचे सत्तावीस फोटो, इंडियन स्टोअरमध्ये मिळालेल्या मॅगीच्या पाकिटाचासुद्धा एक. आणि त्यातच मधे चार फोटो एका लाकडी घराचे. दुमजली, अरुंद घर, पुढे छोटा व्हरांडा. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं. बाहेरच्या भिंतीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हात पोचेल तिथपर्यंत सोलून नेलेला, वरचा तसाच.

फोटो ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराचे. तेव्हा आम्ही नकाशाचे प्रिंटआउट मांडीवर ठेवून गाडी चालवायचो, आणि असाच रस्ता चुकून स्लाव्हिक व्हिलेज नावाच्या वस्तीत शिरलो होतो. पुढच्या चौकापर्यंत मोजली तर अशी नऊ घरं. एका चांगल्या घरापुढे एक म्हातारी बाई गवत कापत होती. स्वतःच्या अंगणातलं झाल्यावर ती यंत्र ढकलत शेजारच्या बंद घराच्या अंगणात गेली आणि तिथलंही कापायला लागली. रस्ता विचारायला उतरलो होतो, सहज म्हटलं की शेजारी गावाला गेलेत का? ती म्हणाली, "शेजारी दीड वर्षापूर्वी गेले. आता हे घर कुणाचं ते बँकेला माहीत नाही, कोर्टाला माहीत नाही आणि मला तर नाहीच नाही. गवत मात्र वाढतं."

आमच्याकडे कोकणात बंद घरं काय कमी आहेत? पण तिथल्या कुठल्याही कुलपाकडे बोट दाखवा, वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हे अमक्यांचं, ते बोरिवलीला असतात, गणपतीला येतात. घर आहे आणि त्याचा मालकच कुणाला ठाऊक नाही, ही भानगड मला नवीन होती.

तेव्हा माझं रोजचं काम काय होतं हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल. आमचा क्लायंट गृहकर्जांचे हप्ते गोळा करणारी कंपनी होती. अमेरिकेत कर्ज देणारा एक असतो. तो ते कर्ज विकतो, घेणारा अशी हजारो कर्जं एकत्र बांधून त्यावर रोखे काढतो, त्या गठ्ठ्याचा विश्वस्त म्हणून एखादी मोठी बँक बसते आणि हप्ते वसूल करायला आणखी तिसरीच कंपनी. आमचा क्लायंट म्हणजे ही शेवटची. हप्ते थकले की ओहायोत कोर्टात दावा लावावा लागतो. निकाल लागला की शेरीफ घराचा लिलाव करतो, आणि दुसरं कुणी आलं नाही तर सावकारच बोली लावून घर आपल्या नावावर घेतो. ह्या सगळ्या प्रकाराला फोरक्लोजर म्हणतात.

माझ्याकडे आलेलं काम साधं होतं. दर आठवड्याला एक बॅच चालायची. घराची अंदाजे किंमत एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वकील, लिलाव, थकलेली घरपट्टी, डागडुजी ह्यांचा खर्च. खर्च जास्त निघाला तर दावा पुढे न्यायचा नाही, कर्ज बुडीत म्हणून लिहून टाकायचं आणि खातं बंद. कर्जाच्या रेकॉर्डवर एक अक्षर बदलायचं, बस. ते बदललं की ग्राहकाला पत्र पाठवायचं का, असा प्रश्न मी मेलमध्ये विचारलेला आठवतो. उत्तर आलं: आवश्यकता कागदपत्रात तसं नाही. मग मीही तसं केलं नाही. टेस्टिंग झालं, काम वेळेत गेलं, पिझ्झा पार्टीही झाली.

त्या एका अक्षराचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. कर्जदाराला कोर्टाची नोटीस मिळालेली असते, तो बिचारा घर सोडून भावाकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेला असतो. त्याला वाटतं घर बँकेने घेतलं. बँकेने मात्र ऐनवेळी हात झटकलेले असतात. कागदावर मालक अजून तोच. दोन वर्षांनी महापालिकेचा माणूस त्याला हुडकून काढतो आणि गवत वाढलं, छप्पर पडलं म्हणून कोर्टात उभा करतो. अमेरिकेच्या सरकारी लेखापालांनी, म्हणजे गाओ ह्या संस्थेने, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ह्यावर अख्खा अहवाल काढला. त्यांचा निष्कर्ष असा की देशभरातल्या रिकाम्या घरांच्या तुलनेत अशी अर्धवट सोडलेली प्रकरणं एक टक्क्याहूनही कमी आहेत, पण ती थोड्या शहरांत एकवटलेली आहेत. क्लीव्हलंड त्यांतलं एक. कर्जदाराला आणि शहराला कळवलं पाहिजे अशा सूचना फेडरल रिझर्व्हने २०१२ मध्ये दिल्या. आमचा कोड तोपर्यंत चार वर्षं चालून गेला होता.

असो. आता इतिहासाकडे.

क्लीव्हलंड हे पोलादाचं शहर. १९५० च्या जनगणनेत लोकसंख्या ९,१४,८०८. २०१० मध्ये ३,९६,८१५. साठ वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं गेली, घरं मात्र जागेवर राहिली. स्लाव्हिक व्हिलेज म्हणजे चेक आणि पोलिश कामगारांनी गिरण्यांच्या आसपास वसवलेली वस्ती. लहान प्लॉट, एकाला एक लागून लाकडी घरं, मधे भलंमोठं चर्च. आपल्या गिरणगावासारखंच, चाळींच्या जागी घरं इतकाच फरक. गिरण्या बंद पडल्या, मुलं उपनगरांत गेली, म्हातारे राहिले. घरं स्वस्त झाली. आणि स्वस्त घरांच्या मागे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सवंग कर्जं देणारे आले. पंचवीस हजाराला घर घ्यायचं, रंग मारायचा, ओळखीच्या मूल्यांककाकडून त्याची किंमत ऐंशी हजार लिहून घ्यायची आणि ज्याची ऐपत नाही त्याच्या गळ्यात कर्जासकट मारायचं, असा एकंदर धंदा.

शहराला हे दिसत नव्हतं असं नाही. क्लीव्हलंडने २००२ मध्ये अशा कर्जांविरुद्ध स्वतःचा नियम केला होता. कर्ज कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो नियम रद्दबातल ठरवला. कारण हे काम राज्याचं, शहराचं नाही. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंड ज्यात येतं त्या कायाहोगा काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) सुमारे १५ हजार फोरक्लोजरचे दावे दाखल झाले. त्या २००७ मध्ये स्लाव्हिक व्हिलेजचा पिनकोड, ४४१०५, फोरक्लोजरच्या संख्येत देशात पहिला म्हणून वर्तमानपत्रांत झळकला. लेहमन बुडायच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. आम्हा आयटीवाल्यांना मंदी कळली ती सप्टेंबर २००८ मध्ये, बेंचवर बसल्यावर. तिकडे ती तोपर्यंत जुनी झाली होती.

सरकारने ह्यात पडावं का? अमेरिकेत हा प्रश्न निघाला की नेहमी १९३३ चं उदाहरण निघतं, आणि ते निघायलाच हवं. महामंदीत घरं धडाधड लिलावात जात होती तेव्हा रूझवेल्ट सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढली. तिने रिकामी घरं विकत घेतली नाहीत. तिने थकलेली कर्जं विकत घेतली. बँकेला सरकारी रोखे दिले, आणि घरमालकाला पंधरा वर्षांच्या सोप्या हप्त्यांचं, पाच टक्क्यांचं नवीन कर्ज दिलं. गरज असेल तर घराची दुरुस्तीही करून दिली. तीन वर्षांत दहा लाखांच्या आसपास कर्जं. त्यांतल्या सुमारे दोन लाख घरांवर पुढे तिलाही जप्ती आणावीच लागली, म्हणजे ती काही जादूची कांडी नव्हती. पण बाकीचे लोक आपल्या घरात राहिले, आणि १९५१ मध्ये हिशेब मिटवला तेव्हा सरकारच्या हाती थोडा नफाच उरला. (ह्याच संस्थेने वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा, लाल असे रंग देणारे कुप्रसिद्ध नकाशे बनवले, काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. त्या नकाशांनी नेमकं किती नुकसान केलं ह्यावर इतिहासकारांची अजून हमरीतुमरी चालते. बहुतेक कर्जं नकाशांच्या आधीच देऊन झाली होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.)

दुसरा अनुभव अगदी उलटा. १९६८ च्या कायद्याने गरिबांना घर घेण्यासाठी सरकारी हमीची, नाममात्र व्याजाची कर्जं सुरू झाली. दलालांनी मोडकी घरं रंगवून विकली, मूल्यांककांनी डोळे मिटले, कर्जं बुडाली आणि गृहनिर्माण खातं, ज्याला तिथे 'हड' म्हणतात, डेट्रॉइटसारख्या शहरांत हजारो पडक्या घरांचं मालक होऊन बसलं. सरकारने त्या घरांचं काय केलं? १९७३ मध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनने आणि मग बाल्टिमोरने पडकी घरं एक डॉलरला द्यायला सुरुवात केली. अट अशी की दुरुस्त करा आणि राहा. १९७४ च्या कायद्यात ही कल्पना देशपातळीवर आली. बाल्टिमोरच्या ऑटरबाईन भागातली शंभरेक घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. आज ती वस्ती बघायला लोक जातात. पण तिथली घरं पक्क्या विटांची होती, बंदर चालत जाण्याच्या अंतरावर, शहराने दुरुस्तीला स्वस्त कर्ज दिलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरं शहराच्या मालकीची होती. एक डॉलर घेऊन किल्ली द्यायला किल्ली आधी हातात लागते ना!

आता २००८. घरबाजार कोसळायला लागल्यावर काँग्रेसमध्ये जे विधेयक आलं त्यात फोरक्लोजर झालेली आणि सोडून दिलेली घरं विकत घेऊन दुरुस्त करायला राज्यांना आणि शहरांना ३.९२ अब्ज डॉलर देण्याची तरतूद होती. राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांनी ह्याच तरतुदीवरून नकाराधिकार वापरायची धमकी दिली होती. त्यांचं म्हणणं, हा पैसा शेवटी बुडवी कर्जं देणाऱ्या बँकांच्याच खिशात जाणार, कारण घरं विकणार त्याच. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण त्याच विधेयकात फॅनी मे आणि फ्रेडी मॅक ह्या गृहकर्जातल्या दोन बड्या कंपन्यांना वाचवायची सोय होती, आणि ती त्यांना तातडीने हवी होती. धमकी मागे घेतली गेली आणि ३० जुलै २००८ ला सही झाली. कार्यक्रमाचं नाव नेबरहूड स्टॅबिलायझेशन प्रोग्रॅम, थोडक्यात एनएसपी.

पैसे वाटायचं सूत्र ठरवायला कायद्याने 'हड'ला ६० दिवस दिले. इथे माझ्यातला प्रोग्रॅमर जागा होतो. देशात कुठल्या गल्लीत किती घरं जप्त झाली, ह्याची सरकारकडे मोजणीच नव्हती! खाजगी कंपन्यांकडे आकडे होते, सरकारकडे नाहीत. मग त्यांनी अंदाजाचं गणित मांडलं. महाग व्याजाची कर्जं कुठे जास्त गेली, घरांच्या किमती किती पडल्या, बेरोजगारी किती, आणि पोस्टमनचा डेटा. हो, पोस्टमनचा. अमेरिकेत पोस्टमन नव्वद दिवसांहून जास्त रिकाम्या असलेल्या पत्त्यांची नोंद ठेवतो आणि टपाल खातं ती दर तिमाहीला 'हड'ला देतं. वॉल स्ट्रीटच्या एवढ्या मॉडेल्सना जे सांगता आलं नाही, ते दारावर टपाल टाकणाऱ्या माणसाच्या पिशवीत होतं. माझ्या बॅचमध्येही घर रिकामं आहे की नाही ह्याचं एक फील्ड होतं, पण ते क्लायंटच्या मशीनबाहेर कधी गेलं नाही.

सूत्र निघालं, ३०९ राज्यं, शहरं आणि काउंट्यांची यादी झाली. डेट्रॉइटला ४ कोटी ७१ लाख डॉलर, क्लीव्हलंड शहराला १ कोटी ६१ लाख. आकडे मोठे वाटतात. पण रियलटीट्रॅक ह्या कंपनीच्या मोजणीनुसार २००८ ह्या एका वर्षात २३ लाखांवर घरांना फोरक्लोजरची नोटीस गेली. ३.९२ अब्ज भागिले २३ लाख, म्हणजे घरामागे सतराशे डॉलर. तेवढ्यात बॉयलर बदलून मिळतो. एनएसपीची नियमावली ६ ऑक्टोबर २००८ ला राजपत्रात आली. त्याच्या तीन दिवस आधी बँकांसाठी ७०० अब्जांच्या कायद्यावर सही झाली होती. तुलना मुद्दाम करतोय. पुढे २००९ च्या पॅकेजमध्ये आणखी सुमारे दोन अब्ज आणि २०१० मध्ये एक अब्ज आले, एकूण जवळपास सात.

नियम वाचताना मला आमच्या प्रोजेक्टची आवश्यकता कागदपत्रं आठवली. प्रत्येक कलम वेगळं वाचलं तर शहाणपणाचं, एकत्र चालवलं तर सिस्टिम बसते. बँकांचं उखळ पांढरं होऊ नये म्हणून अट: घर बाजारभावापेक्षा स्वस्तच घ्यायचं, आणि सगळ्या खरेदीची सरासरी सूट पंधरा टक्के तरी हवी. पैसा मुरू नये म्हणून अट: अठरा महिन्यांत सगळा पैसा कामाला बांधायचा, नाहीतर परत जाणार. गरिबांपर्यंत पोचावा म्हणून अट: चौथा हिस्सा अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच. शिवाय मूल्यांकन, पर्यावरणाची तपासणी, जुनी वास्तू असेल तर तिची वेगळी परवानगी. आता शहराचा अधिकारी ही फाइल घेऊन बँकेकडे जातो, म्हणतो सूट द्या, शिवाय सहा आठवडे थांबा. त्याच वेळी कॅलिफोर्नियातला एखादा इन्व्हेस्टर फोनवरून न बघता पन्नास घरं रोख उचलतो. बँक कुणाला देईल? २००९ मध्ये सुटीची अट एक टक्क्यावर आणावी लागली, आणि घर बाजारात जायच्या आधी शहरांना काही दिवस पहिली संधी द्यावी असा करार मोठ्या बँकांबरोबर व्हायला २०१० चा सप्टेंबर उजाडला. पहिल्या पैशांची अठरा महिन्यांची मुदत साधारण तेव्हाच संपत होती!

क्लीव्हलंडची अडचण ह्याहून वेगळी होती. सूत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे फ्लोरिडा आणि नेवाडातली नवी कोरी, फक्त रिकामी पडलेली घरं असावीत. स्लाव्हिक व्हिलेजमध्ये बँकांनी विकलेली घरं दहा हजार डॉलरच्या खाली जात होती. तांब्याचे पाइप भंगारवाल्यांनी नेलेले, बॉयलर नेलेला, हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटलेले. असं घर दुरुस्त करायला लाखभर डॉलर घालायचे आणि विकायला काढलं की तीस हजारही येत नाहीत. पाडायचं तर सात-दहा हजार. पाडकाम म्हणजे हार, असं तिथल्या चांगल्या लोकांनाही वाटत होतं, आणि वॉशिंग्टनला तर नक्कीच: दुसऱ्या टप्प्याच्या पैशांतला दहा टक्क्यांहून जास्त भाग खास परवानगीशिवाय पाडकामावर खर्चायला मनाई होती.

पण पाडायला तरी घर कुणाचं? पुन्हा त्या म्हातारीचा प्रश्न. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडमधले फेडरल न्यायाधीश ख्रिस्तोफर बॉइको ह्यांनी डॉइश बँकेचे चौदा दावे एका फटक्यात फेटाळले होते, कारण दावा लावतेवेळी कर्ज आपल्या मालकीचं आहे हे बँकेला दाखवता येईना. २००८ च्या जानेवारीत महापौर फ्रँक जॅक्सन ह्यांनी एकवीस वित्तसंस्थांवर सार्वजनिक उपद्रवाचा खटला भरला: तुमच्या कर्जांनी शहराची नासधूस झाली, भरपाई द्या. २००९ मध्ये तो फेटाळला गेला आणि २०१० मध्ये अपीलही. शहराच्या गृहन्यायालयाचे न्यायाधीश रेमंड पियांका ह्यांनी हजर न राहणाऱ्या बँकांवर गैरहजेरीतच खटले चालवून मोठमोठे दंड ठोठवायला सुरुवात केली. लोक खूश. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंपनीवर असा गैरहजेरीत खटला चालवता येत नाही.

ह्या सगळ्या हरण्यांच्या मधे दोन गोष्टी चालल्या, आणि मला तरी ह्या इतिहासात त्याच सगळ्यात जास्त आवडतात. एक म्हणजे डेटाबेस. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या क्लॉडिया कोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोर्टाचे दावे, शेरीफचे लिलाव, घरपट्टीची थकबाकी, विक्रीचे व्यवहार हे सगळं प्रत्येक घराच्या क्रमांकाला जोडून ठेवलं होतं. नाव नियो कँडो. वस्तीतल्या संस्थांना एका गल्लीतलं कुठलं घर कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसायचं. म्हणजे आमच्या क्लायंटच्या मशीनमध्ये कुलूपबंद होतं त्यातलं बरंचसं, बाहेरच्या बाजूने जोडत आणलेलं.

दुसरी म्हणजे लँड बँक. काउंटीचे खजिनदार जिम रोकाकिस घरपट्टी वसुली बघायचे. त्यांचा मुद्दा सोपा होता. सोडलेल्या घराची घरपट्टीही थकलेली असते, आणि त्या थकबाकीपोटी घर ताब्यात घ्यायचा हक्क सरकारकडे आहेच. म्हणजे कुठली बँक, कुठला विश्वस्त ह्या भानगडीत न पडता मालकी मिळवता येते. मिशिगनच्या फ्लिंट शहरात २००२ पासून अशी संस्था चालू होती. ओहायोने २००८ च्या अखेरीस कायदा केला आणि २००९ मध्ये कायाहोगाची लँड बँक सुरू झाली. तिचा रोजचा खर्च उशिरा भरलेल्या घरपट्टीवरच्या दंडातून आणि व्याजातून. त्याच वर्षअखेरीला तिने फॅनी मेशी करार केला: शहरातली कवडीमोल घरं सट्टेबाजांना विकायची नाहीत, एक डॉलरला लँड बँकेला द्यायची, वर पाडकामाच्या खर्चाला हातभार लावायचा. एक डॉलरचं घर पुन्हा आलं बघा, फक्त ह्या वेळी देणारा आणि घेणारा वेगळे.

२०१० च्या सुरुवातीला दुसऱ्या टप्प्यातले सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर लँड बँकेच्या पुढाकाराने आलेल्या गटाला मिळाले. पहिल्या टप्प्यातल्या पैशापेक्षा हा पैसा वेगळा पडला तो एवढ्यासाठी, की आता किल्ली हातात होती. जे उभं राहण्यासारखं ते दुरुस्त करायचं, जे नाही ते पाडायचं, आणि दोन्हीचा निर्णय एकाच टेबलावर.

मग झालं काय? 'हड'ने करवून घेतलेलं दुसऱ्या टप्प्याचं मूल्यमापन २०१५ मध्ये आलं. आसपासच्या घरांच्या किमतींवर वगैरे ठळक, मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. दुखणं डोंगराएवढं आणि औषध चमचाभर, असा त्याचा सूर. मात्र त्याच अभ्यासगटातल्या संशोधकांना क्लीव्हलंडमध्ये पाडलेल्या घरांच्या अगदी जवळ घरफोड्या आणि चोऱ्या कमी झाल्याचं आढळलं. अर्थतज्ज्ञाला हे फुटकळ वाटेल. गवत कापणाऱ्या बाईला वाटणार नाही.

माझं मत विचाराल तर पैसा कमी होता हे दुसऱ्या क्रमांकाचं दुखणं. पहिलं हे की तो दारात पोचला तेव्हा दाराला प्लायवूड लागलं होतं. १९३३ मध्ये सरकार कर्जाच्या टप्प्यावर आलं, माणूस घरात असताना. २००८ मध्ये घर रिकामं झाल्यावर आलं. माणसं घरात असताना मदत करणारी योजना ओबामांनी २००९ च्या फेब्रुवारीत जाहीर केली, ३० ते ४० लाख कुटुंबांसाठी. पण त्यात कुणाचे हप्ते कमी करायचे ते आमच्या क्लायंटसारख्या वसुली कंपन्यांवरच सोपवलं, आणि तो आकडा काही गाठला गेला नाही. तोपर्यंत मी परत आलो होतो. पुण्यात बसून त्याच सिस्टिमवर नव्या योजनेचे बदल करणाऱ्या टीममध्ये दोन मित्र होते, त्यांच्याकडून ऐकायचो: कागदपत्रं तीन-तीनदा मागवली जातात, फॅक्स हरवतात, अर्ज चालू असताना दुसऱ्या खात्याकडून जप्ती पुढे सरकत राहते. दोन्ही खात्यांचे डेटाबेस वेगळे. ते जोडायचं काम पुढच्या रिलीजला ढकललेलं.

क्लीव्हलंड त्यानंतर आणखी आटलं. २०२० च्या जनगणनेत ३,७२,६२४. स्वस्त घरं बाहेरगावच्या कंपन्यांनी ऑनलाइन घेऊन ठेवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शहराने नियम केला की बाहेरच्या घरमालकाने स्थानिक जबाबदार माणसाचं नाव शहराला दिलंच पाहिजे आणि रिकाम्या घराची नोंदणी केलीच पाहिजे. म्हणजे घर कुणाचं हे विचारणं चालूच आहे.

फोटो सापडल्यावर त्या रात्री गुगलच्या नकाशावर ती गल्ली शोधली. फोटोत मागे चर्चचे मनोरे दिसतात, त्यावरून अर्ध्या तासात सापडली. लाकडी घर नाही. त्या जागी नुसतं गवत, आणि ते कापलेलं आहे. तिथल्या काउंटीच्या साइटवर कुठल्याही प्लॉटचा मालक फुकट बघता येतो. शेजारची रिकामी जागा लगतच्या घरवाल्याला नाममात्र किमतीला द्यायची लँड बँकेची एक योजना आहे. प्लॉटच्या पुढे आणि बाजूच्या चांगल्या घरापुढे एकच आडनाव होतं.